बेकरीवाल्याचा अबोला

५ सप्टेंबर, शनिवार

चि. बॉबिन,

आशीर्वाद आहेतच. ते भांडणावर अवलंबून नसतात.

तुझं कार्ड मिळालं. चार ऑक्टोबरला, रविवारी, तू आता राहतेस त्या गावी तुझा बाप्तिस्मा आहे आणि खाली लिहिलं आहेस, ‘हसायचं नसेल तर ये.’ आईला बोलावण्याची ही नवीनच तऱ्हा म्हणायची. कार्ड मी दुकानात, तेलाच्या बाटलीला टेकवून ठेवलं आहे. येणारं गिऱ्हाईक विचारतं, मी सांगते, मुलीचं कार्ड. पुढचं सांगत नाही.

मी येईन की नाही, ते आत्ताच विचारू नकोस. मला आधी चौकशी करायची आहे. पोरीचं कुणाशी नातं जुळलं की आई काय करते? शेजारीपाजारी विचारते, जुन्या ओळखीचे गाठते, माणूस रागावला की कसा वागतो ते काढून घेते. तू मे महिन्यात जेवायला बसल्या बसल्या म्हणालीस, ‘आई, मी त्याला ओळखते, आणि तो मला.’ मला पटलं, असं म्हणाली असतीस तर मी वाद घातला असता. मी मानते, म्हणाली असतीस तर गप्प बसले असते. पण ‘ओळखते’ म्हणालीस. येशूला. जसं कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला ओळखावं. म्हणून मी विचारलं, करतो काय, कमावतो किती. त्यात इतकं ताट सोडून उठण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. संध्याकाळच्या बसने गेलीस, आणि जाताना दारात म्हणालीस, ‘तो माझं शेवटपर्यंत ऐकून घेतो.’ त्यावर मला काही म्हणायचं नाही.

माझी कामाची रीत तुला माहीत आहे. शिलाई मशीन घेऊन कुणी आलं आणि म्हणालं की टाके सुटतात, तर मी मशीन उघडत नाही. हातात चिंधी देते आणि सांगते, शिवून दाखवा. कुणी कापड मागून ओढत असतं, कुणी पायडलवर सगळं वजन टाकत असतं. निम्मा बिघाड बसणाऱ्याच्या हातापायात असतो, आणि तो बोलण्यातून कधीच समजत नाही. तुझे बाबा मशीन आधी खोलायचे आणि मग दिवसभर स्क्रू शोधत बसायचे. मी तसलं काही करणार नाही. जो म्हणेल मी त्याला ओळखतो, त्याला म्हणणार आहे, बोलून दाखवा.

सुरुवात तिसऱ्या गल्लीतल्या नर्सबाईंपासून. दोन वर्षं दर गुरुवारी तू हिशेबाच्या क्लासला जातेस असं मी समजत होते. तो क्लास प्रार्थनेचा होता आणि त्यांच्या हॉलमध्ये भरायचा, हे मला मे महिन्यातच कळलं. हिशेब किती शिकलीस ते देव जाणे. आता तर तो खरंच जाणत असेल.

तुझी आई


११ सप्टेंबर, शुक्रवार

चि. बॉबिन,

गेले होते काल. नर्सबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, “या. उशीर केलात.” मी म्हटलं, मशीन बघायला आले. त्यांनी मला मशीनसाठी बोलावलं नव्हतं, पण ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय आहे आणि त्यांना बहुधा अशा बायकांची. निमूटपणे खिडकीजवळच्या मशीनवरचं कापड काढलं त्यांनी. काळं, पायाचं, चांगल्या घरचं मशीन आहे. खालचा दोरा ओढणारं शटल झिजलंय. चार टाके नीट पडतात, पाचवा खातं.

मग मी म्हटलं, आता दुसरं काम, त्याच्याशी बोलून दाखवा. मला वाटलं होतं, बाई दचकतील, नाहीतर डोक्यावर पदर घेऊन गुडघे टेकतील आणि मला अवघडायला होईल. तसं काही नाही. चष्मा पुसला, खुर्चीवर नीट बसल्या आणि खिडकीकडे बघत म्हणाल्या, “आली बघ ही. मी म्हटलं होतं ना, येईल. जरा चिडलेली आहे. माझा गुडघा आज बरा आहे, त्याबद्दल तुझे आभार. तळमजल्यावरच्या आजोबांचं मात्र काहीतरी कर. काल पण जेवले नाहीत, आणि माझं ऐकत नाहीत.” मग गप्प. मी वाट बघून विचारलं, झालं का? म्हणाल्या, माझं झालं, आता त्याची पाळी.

मी पण कान दिला, खोटं कशाला सांगू. पंख्याची एक पाती घासत होती. खाली कुणीतरी बादली भरत होतं. बाकी काही नाही. विचारलं, काही बोलला का? तर म्हणाल्या, आज नाही. आणि जराही ओशाळल्या नाहीत, बरं का. उलट मलाच विचारलं, तुमचे मिस्टर घरात असताना सारखे बोलायचे का? आता हा काय प्रश्न झाला. तुझे बाबा एक स्क्रू फिरवत अख्खी संध्याकाळ घालवायचे. पण ते बाहेर गेले की खोलीतून काहीतरी उचलून नेल्यासारखं वाटायचं, हेही खरं. हे मी त्यांना सांगितलं नाही. चौकशीला गेलेल्या माणसाने आपली माहिती द्यायची नसते.

एक प्रश्न मला विचारायचा होता तो निघताना विचारला. माझी मुलगी इथे बोलायची का त्याच्याशी, मोठ्याने? म्हणाल्या, बोलायची. मग माझ्याबद्दल काय सांगायची?

नर्सबाईंनी मशीनवर कापड घातलं. म्हणाल्या, “ते तिचं आणि त्याचं.”

मी म्हटलं, मी आई आहे तिची. म्हणाल्या, म्हणूनच.

शटल घेऊन आले आहे. तसं दुसरं मिळायला वेळ लागेल असं सांगितलंय, तेव्हा पुढच्या गुरुवारीही जावं लागणार.

तुझी आई


१६ सप्टेंबर, बुधवार

चि. बॉबिन,

तुमच्या चर्चच्या इथल्या पाळकांना गाठलं. मला वाटलं होतं कुणी पांढऱ्या दाढीचे असतील. हा तर तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल, आणि मी गेले तेव्हा एकटाच प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून रचत होता. टायरच्या दुकानावरची ती खोली. जिन्यात रबराचा वास आणि वर फुलांचा. मी पण दोन-चार खुर्च्या उचलल्या. नुसतं उभं राहून प्रश्न विचारणं मला जमत नाही.

बोलून दाखवा म्हटल्यावर पठ्ठ्याने डोळे मिटले आणि सुरू केलं, हे परमपवित्र, सर्वसमर्थ, अनादी अनंत… अगदी वरच्या साहेबाला अर्ज लिहावा तसं. मी हूं की चूं केलं नाही, पण त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच हसला. म्हणाला, परीक्षक समोर बसले की माझं असंच होतं, मी पण कापड ओढायला लागतो. (माझ्या ‘शिवून दाखवा’च्या गोष्टी तू तिथे सांगितल्या आहेस, हे मला तेव्हा कळलं.) घरी म्हणे तो साधं बोलतो, बऱ्याचदा भांडतो, आणि बायको आतून ओरडते की जरा हळू, पोरं झोपलीत.

मला आवडला तो. पण आवडला म्हणून सोडला नाही. विचारलं, तुमची ओळख कुणी करून दिली? म्हणाला, मी ओळख काढलीच नाही, मी तर टाळत होतो, औषधं विकत गावोगाव फिरायचो आणि रविवारी मुद्दाम झोपून राहायचो. तोच मागे लागला. विचारलं, तोच होता कशावरून? मनातले खेळ कमी का असतात माणसाच्या? इथे त्याने वेळ घेतला. पाठ केलेलं उत्तर त्याच्याकडे असणार, ते त्याने दिलं नाही, हे मी त्याच्या बाजूने लिहून ठेवते. म्हणाला, “मी आतून कसा आहे ते सगळं माहीत असलेलं, आणि तरी मला न टाकणारं असं मला दुसरं कुणी भेटलं नव्हतं. मी स्वतःसुद्धा तसा नव्हतो.”

मग क्रुसाचं सांगितलं. ते मी ऐकलेलं आहे, सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. पण मी म्हटलं, तुमच्यासाठी मेला कसा? तुमचा तर तेव्हा जन्मसुद्धा नव्हता. तो म्हणाला, तेच मला अजून नीट समजलेलं नाही. समजण्याआधीच मी ते घेतलं, आणि आता रोज थोडं थोडं समजतं. आता बघ, गिऱ्हाईक नवीन मशीन घेतं तेव्हा त्याला आतलं काही माहीत नसतं, शिवायला मात्र लागतं. पण शिवणकाम आणि हे एकच का? मी जिना उतरेपर्यंत तोच विचार करत होते. म्हणजे उतरता उतरता पुन्हा वर गेले.

कारण एक गोष्ट मला खटकत होती. चौकशीत सगळेच गोड बोलायला लागले की मला संशय येतो. मुलगा सोन्यासारखा आहे, असं पाच जणांनी सांगितलं की मी सहावा शोधते. म्हणून विचारलं, त्याच्याशी बिनसलंय असं तुमच्यात कुणी आहे का? पाळकाचं हसू गेलं. हातातली खुर्ची खाली ठेवून म्हणाला, “बेकरीवाल्याकडे जा. पण त्याला बोलून दाखवा म्हणू नका.”

तुझ्याबद्दलही विचारलं. तो म्हणाला, तिलाच विचारा. म्हणजे तुमचं सगळ्यांचं आधीच ठरलेलं दिसतं.

तुझी आई


२१ सप्टेंबर, सोमवार

बॉबिन,

आज सरळ मुद्द्यावर येते.

बेकरी तुला आठवत असेल, शाळेच्या मागची. दुपारी दुसरी भट्टी लागायच्या आधी तिथे शांत असतं. बायको गल्ल्यावर होती, तो आत पिठाचे गोळे तोडत होता. मी एक पाव घेतला, मग दुसरा घेतला, मग बायकोच म्हणाली, आत जा, पाळकांनी सांगितलंय तुम्ही याल म्हणून.

आणि मी काय केलं? उचलली जीभ लावली टाळ्याला. सवयीने म्हणून गेले, बोलून दाखवा.

तो गोळे तोडत राहिला. म्हणाला, “आम्ही बोलत नाही.”

हे त्याने ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मला तुला लिहून दाखवता येत नाही. देव नाही, असं सांगणारे मी पुष्कळ पाहिलेत, त्यांच्यातली एक मीच. त्यांचा आवाज असा नसतो. हा तर घर वाटून घेतलेल्या थोरल्या भावाबद्दल सांगावं तसं सांगत होता. आहे, पलीकडेच आहे, भिंतीला भिंत आहे. पण आम्ही बोलत नाही.

मुलगा गेला त्याचा. तीन वर्षं झाली. शाळेतून ताप घेऊन आला आणि आठवडाभरात गेला. सगळी मंडळी प्रार्थना करत होती, तो स्वतः इस्पितळाच्या जिन्यात बसून करत होता. त्या दिवसापासून त्याने तोंड उघडलेलं नाही. रविवारी जातो, शेवटच्या खुर्चीवर बसतो, गात नाही, डोळे मिटत नाही. पण प्रभुभोजनासाठी, येशूची आठवण म्हणून सगळे वाटून खातात तो, जो पाव लागतो तो तोच करतो. त्याचं पीठ वेगळं चाळतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, लोक यायच्या आधी नेऊन टेबलावर ठेवतो आणि वर स्वच्छ फडकं घालतो. तीन वर्षांत एकदाही चुकला नाही, हे त्याच्या बायकोने बाहेरून सांगितलं.

मला राहवलं नाही. मी विचारलं, ज्याने तुमचं ऐकलं नाही त्याच्यासाठी पाव कशाला? आणि तो तिथे आहे हे तरी कशावरून? म्हणाला, नसता तर मी रागावलो कुणावर? मग त्याने हातावरचं पीठ झटकलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

“त्यालाही एकच मुलगा होता,” तो म्हणाला. “मुलगा जाणं म्हणजे काय ते त्याला माहीत आहे. म्हणून तर राग. ज्याला माहीत नाही त्याला मी केव्हाच माफ केलं असतं.”

“मग सोडून का देत नाही?”

“माझा मुलगा त्याच्याकडे आहे, बाई. बोलणं तोडता येतं. नातं कसं तोडू?”

पाव तिथेच विसरून आले. बायको धावत आणून देऊन गेली.

बॉबिन, नर्सबाई आणि पाळक जे सांगत होते ते मी ऐकून घेत होते, चांगलं होतं, पण मी बाहेर उभी होते. हा माणूस बोलला आणि माझे पाय तिथे चिकटले. कारण अबोला मला समजतो. अनोळखी माणसाशी अबोला धरता येत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याशी मी बोलत नाही, त्याला कुणी अबोला म्हणत नाही. अबोल्याला आधी बोलणं झालेलं असावं लागतं, पुष्कळ झालेलं असावं लागतं, आणि पलीकडे कुणीतरी वाट बघत असावं लागतं. आपण मे महिन्यापासून तेच करतो आहोत ना.

आणि आणखी एक. माझंही मूल त्याच्याकडे गेलंय, असं मी गेले चार महिने मनात म्हणत होते आणि स्वतःची कीव करत होते. आज त्या माणसासमोर उभी राहिले आणि मला लाज वाटली. तू आहेस. बसने गेलं तर दुपारच्या आत दिसशील. तुला नीट बघावंसं वाटतं मला, हे सरळ लिहिते.

तुझी आई


२५ सप्टेंबर, शुक्रवार

चि. बॉबिन,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, एक ओळ. ‘आई, हे सगळं तू माझ्यासाठी विचारते आहेस की तुझ्यासाठी?’ इतका लांबचा प्रवास करून एकच ओळ यावी, त्यापेक्षा पाकिटात दोन पानं कोरी तरी घालायचीस, मला कटिंगला उपयोगी पडली असती.

सुरुवात तुझ्यासाठीच केली. तू त्याला माझ्याबद्दल काय सांगतेस, हे मला हवं होतं. दुसरं काही नाही. ‘तो शेवटपर्यंत ऐकून घेतो’, हे तू दारात म्हणालीस ते मला लागलं होतं. अजून लागतं. मी ऐकत नव्हते का? मशीन चालू ठेवून ऐकत असेन, पण ऐकत होते. तेव्हा मला कळायला हवं होतं की माझी मुलगी दोन वर्षं दर गुरुवारी जाऊन माझी कोणती गाऱ्हाणी सांगत होती. नर्सबाई सांगेनात, पाळक सांगेना, तू तर एक ओळ लिहिणार. मग काल लक्षात आलं की आणखी एक जण आहे ज्याला हे सगळं माहीत आहे. त्यालाच विचारावं. आता हे तुझ्यासाठी झालं की माझ्यासाठी, ते तूच ठरव.

म्हणून काल दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. समोर नर्सबाईंचं शटल ठेवलं होतं. नवीन शटल मागच्या आठवड्यातच मिळालंय, पण ते त्यांना सांगितलं नाही, कारण मशीन झालं की गुरुवार संपले. असो. बसले, आणि स्वतःला म्हटलं, बाई, बोलून दाखव.

इथेच घोडं अडलं. बोलू काय? सुरुवात कशी करू? लोकांचे हातपाय बघून बिघाड सांगणारी मी, माझे हात कुठे ठेवायचे तेच मला कळेना. शेवटी फडकं घेऊन शटल पुसत बसले आणि म्हटलं, माझी मुलगी तुझ्याशी बोलते. मला एवढंच सांग, माझ्याबद्दल काय म्हणते?

काही नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला.

मी म्हटलं, बरं, नको सांगूस, मग माझी बाजू ऐक. आणि सुरू झाले. तुझे बाबा गेले तिथून सुरू झाले, पोरीला घेऊन दुकान कसं चालवलं, पहिल्यांदा बाई मशीन दुरुस्त करते म्हणून लोक कसे परत जायचे, तू टेबलाखाली दोऱ्याच्या बॉबिनी घरंगळवत कशी खेळायचीस आणि तेच नाव तुला कसं पडलं, सगळं. कुणाला कधी सांगितलं नाही ते. मी किती वेळ बोलले मला माहीत नाही, पण मला मध्येच कुणी थांबवलं नाही, कुणी म्हटलं नाही की अगं सगळ्यांचंच असं असतं. आणि बोलता बोलता मला एकदम लक्षात आलं की हा ऐकतोय. म्हणजे तसं वाटलं. आणि बॉबिन, मला भयंकर राग आला. माझ्या मुलीला याच ऐकण्याने नेलं. हेच ते. मी शटल टेबलावर आपटलं आणि म्हटलं, चांगलं ऐकतोस, पण जरा आधी ऐकायला काय झालं होतं? हिचे बाबा जात होते आणि मी इस्पितळात एकटी बसले होते तेव्हा कुठे होतास? तुझं माझं जमायचं नाही. आणि शटर पुरतं ओढून घरी निघून आले.

तर ही अशी चौकशी झाली. हात दाखवून अवलक्षण. हसायचं असेल तर तू हस.

तुझी आई


२९ सप्टेंबर, मंगळवार

चि. बॉबिन,

हे पत्र कुरियरने पाठवते आहे, रविवारच्या आत तुझ्या हातात पडायला हवं.

गुरुवारपासून मी काय काय करते आहे, ऐक. दुकानात शिरताना त्या टेबलाकडे बघत नाही. शनिवारी सुई टोचली तर नेहमीसारखं ‘देवा’ म्हणणार होते, ते ओठ दाबून गिळलं. म्हटलं, याला हाक मारायची नाही. रविवारी सकाळी टायरच्या दुकानावरून जायचं होतं तर मुद्दाम पलीकडच्या फुटपाथवरून गेले, आणि वरून गाणं ऐकू आलं तेव्हा पाय जरा जास्तच उचलले. काल भाजी चिरता चिरता मनात म्हणत होते, तो बोलल्याशिवाय मी बोलणार नाही. आणि मग सुरी थांबली.

कळलं ना तुला? अगं, माझा त्याच्याशी अबोला आहे.

जो नाही असं मी जन्मभर म्हणत आले, त्याच्याशी मी पाच दिवस अबोला धरून बसले आहे. आता मला सांग, मी बेकरीवाल्याला काय विचारून आले होते? तो तिथे आहे कशावरून, म्हणून. मी तशीच उठले आणि बेकरीत गेले. त्याला हे सांगितलं. तो हसला नाही. पण कामाचा हात थांबवून त्याने मला आतलं स्टूल दिलं, आणि आम्ही दोघं काहीही न बोलता बराच वेळ बसलो. निघताना एवढंच म्हणाला की अबोल्याची एक खोड असते, जितका जास्त दिवस धरावा तितकं पहिलं वाक्य जड होत जातं. त्याचं तीन वर्षांचं झालंय. मला म्हणाला, तुमचं अजून उचलण्यासारखं आहे.

मी विश्वास ठेवते असं मी म्हणत नाही. बाप्तिस्म्याचं तर माझ्यासमोर नावही काढू नकोस. माझे प्रश्न अजून संपायचे आहेत, आणि तुझ्या पाळकाला त्यातले निम्मे येत नाहीत असं तो स्वतः सांगतो. नर्सबाईंचं मशीन दिलं करून, सुरेख टाका पडतो आता. त्यांनी विचारलं, मग पुढच्या गुरुवारी? मी म्हटलं, बघू, तेल घालायला लागेल.

पण दोन दोन अबोले मला झेपत नाहीत. एक तरी सोडायला हवा, आणि तुझ्यापासून सुरू करते. रविवारी येते. पहाटेची बस धरते म्हणजे वेळेत पोचेन. हसणार नाही, असा शब्द देत नाही, माझं तोंड तुला माहीत आहे. पण तुला हसणार नाही. तू माझ्याबद्दल त्याला काय सांगत होतीस, ते मी विचारणार नाही. सांगितलं असशील, बरंच खरं असेल.

राहिला दुसरा. त्याच्याशी मी अजून बोलत नाहीये, तेव्हा तुझ्याकडे निरोप देते. तुझे बाबा आणि मी भांडलो की तू मधे टपाल नेत होतीस, आठवतं? ‘बाबांना सांग, वाढलंय.’ ‘आईला सांग, भूक नाही.’ तू दोन्हीकडे पळत राहायचीस आणि निरोपात आपल्या पदरचे दोन-दोन शब्द घालायचीस. तसंच आता कर. घे लिहून.

त्याला म्हणावं, आई म्हणते, ही पोरगी पाण्यात उतरणार आहे, पण हिला डोक्यावरून पाणी गेलेलं सहन होत नाही. लहानपणी न्हाऊ घालताना हिचा श्वास अडकायचा, ओठ निळे व्हायचे, दोन्ही हातांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवायची. मोठी झाली तरी तोंडावर पाणी मारताना डोळे उघडे ठेवते. कुणाला सांगत नाही. तिकडच्या पाळकालासुद्धा सांगितलं नसेल. आणि हे सगळं असून ती बाप्तिस्म्याच्या हौदात पाठीवर पडून पाण्याखाली जायला तयार झाली आहे, म्हणजे तिची तुझ्याशी खरंच ओळख असणार, नाहीतर ती उतरली नसती. मी तिथे असेन, पण मला काठावर उभं करतील, माझा हात पोचणार नाही. तेव्हा तू धर. आधी धर आणि मग खाली ने. जास्त वेळ ठेवू नकोस. आणि वर आली की लगेच…

नको. राहू दे, बॉबिन. हा निरोप तू नको नेऊस.

मीच सांगते त्याला.

तुझी आई